माशासारखा रोबोट करायचा की सरळ पंखा लावायचा? (मालवणच्या समुद्रासाठी प्रोजेक्ट)

देवबागकर

नमस्कार मंडळी,

मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. घर देवबागला, बाबांची गिलनेटची होडी आहे. आम्ही चौघांनी मिळून प्रोजेक्ट घेतलाय: पाण्याखाली जाऊन खडक, प्रवाळ आणि तळाला अडकून पडलेली जुनी जाळी यांचे फोटो काढणारं लहानसं यंत्र. खोली फार नाही, ८ ते १० मीटर. बजेट चौघांचं मिळून तीसेक हजार.

गाईड सर म्हणतात, 'बायोइन्स्पायर्ड' (प्राण्यांवरून सुचलेलं) करा, मासा करा, परीक्षकांवर छाप पडेल. बाबांना विचारलं तर म्हणाले, "पंख्याक जाळा गुंडाळला काय मग बस बोंबलत." म्हणजे नकळत तेही सरांच्याच बाजूचे.

व्हिडिओ भरपूर बघितले. फिजीच्या प्रवाळांमधून पोहणारा एमआयटीचा सोफी, मारियाना गर्तेत नेलेला चिनी रोबोट, हार्वर्डचे छोटे निळे मासे. बघायला सगळं झकास. पण मग बाजारात विकत मिळणारी यंत्रं जवळजवळ सगळी थ्रस्टरवालीच, म्हणजे मोटर-पंख्यावर चालणारी, का? माशाकडे पंखा नाही म्हणून तो शेपटी मारतो. आपल्याकडे पंखा आहे, मोटर आहे. उगाच नक्कल कशाला? की यात खरंच काही दम आहे?

जाणकारांनी सांगावं. अर्धवट माहिती असलेल्यांनीही सांगावं, आमचीही तशीच आहे.

---

तिरकस_बाण

दम आहे की, नौदलासाठी. २०१४ मध्ये अमेरिकी नौदलाने व्हर्जिनियात घोस्टस्विमर नावाचा पाच फुटी ट्यूना पोहवून बघितला. वजन साधारण ४५ किलो, लांबून बघितलं तर मासाच. प्रकल्पाचं नाव काय, तर सायलेंट निमो! लहान पोरांच्या लाडक्या माशाचं नाव हेरगिरीला. प्रवाळ, पर्यावरण वगैरे सगळं निधी मागायच्या अर्जात लिहायला असतं.

तुम्ही पंखा लावा आणि पास व्हा.

---

ओरिंगकाका

बाण, नौदलाचं खरं आहे, ते काही गुपित नाही. पण पोराने विचारलंय ते उत्तर द्यायला हवं.

देवबागकर, तुझ्या सरांना राग आला तरी चालेल: लांब, सरळ आणि भरभर जायचं असेल तर पंखाच लाव. त्याला तोड नाही. माझी नोकरी पाण्याखाली जाणाऱ्या यंत्रांच्या झाकणांत रबरी कड्या बसवण्यात गेली, गोव्यात आणि जहाजांवर, त्यामुळे 'निसर्गाने कोट्यवधी वर्षांत घडवलेलं सर्वोत्तम डिझाइन' असलं वाक्य ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो. माशाला अंडी घालायची असतात, पळायचं असतं, दुसऱ्याला खायचं असतं. त्याचं शरीर या सगळ्या गोष्टींची तडजोड आहे. तुला फक्त फोटो काढायचेत.

हे खूळ जुनं आहे. १९३६ साली जेम्स ग्रे नावाच्या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने हिशेब मांडला, की डॉल्फिन ज्या वेगाने पोहतो त्या वेगाला लागणारी ताकद त्याच्या स्नायूंत असूच शकत नाही, सातपट कमी पडते. झालं. कातडीत काहीतरी जादू असणार म्हणून लोक अनेक दशकं त्या कातडीच्या मागे लागले. शेवटी फ्रँक फिश नावाच्या अमेरिकी संशोधकाने (आडनाव खरंच फिश आहे, मी काय करू) आणि त्याच्या सहकाऱ्यांनी डॉल्फिनला बारीक बुडबुड्यांच्या पडद्यातून पोहायला लावलं आणि शेपटीने पाणी किती जोरात मागे ढकललं जातं ते मोजलं. जादू नव्हती. डॉल्फिनचे स्नायूच ग्रेने धरले होते त्याहून कितीतरी दणकट निघाले.

मधल्या काळात, १९९०च्या दशकात, एमआयटीमध्ये मायकेल ट्रायंटाफिलू यांच्या गटाने रोबोट्यूना केला. लांबलचक टाकी, वर रुळांवर गाडा, गाड्याला टांगलेला कुपा मासा. त्या मंडळींच्या कामातून तुझ्या उपयोगाचा एक आकडा मिळतो, स्ट्रूहाल आकडा. शेपटी सेकंदाला किती वेळा हलते गुणिले एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत किती झुलते, भागिले पुढे जायचा वेग. बहुतेक मासे, डॉल्फिन, इतकंच काय उडणारे पक्षीसुद्धा हा आकडा ०.२ ते ०.४ मध्ये ठेवतात. तुला सेकंदाला ३० सेंटिमीटर वेग हवा आणि पर १० सेंटिमीटर झुलणार असेल, तर सेकंदाला साधारण एक फटका. याहून फार भरभर फडफडवलंस तर बॅटरी जाईल आणि फेस होईल.

आता दम कुठे आहे ते सांगतो. अख्खा प्राणी उचलायचा नाही. त्याने एक अडचण कशी सोडवली तेवढंच उचलायचं. आणि ती अडचण तुझीही असली पाहिजे.

तू म्हणतोस तो चिनी रोबोट घे. झेजियांग विद्यापीठाच्या लोकांनी केला, २०२१ मध्ये 'नेचर'मध्ये आला. मारियाना गर्तेत १०,९०० मीटरवर नखाएवढ्या जागेवर टनभराहून जास्त भार असतो. आपण काय करतो? जाड डबा. खोल समुद्रात माणसं नेण्यासाठीच्या आपल्याच मत्स्य ६००० या पाणबुडीचं उदाहरण घे: आत तीन माणसं बसणार, त्यांना श्वास घ्यायचाय, म्हणून २.१ मीटर व्यासाचा टायटॅनियमचा गोळा आणि त्याची भिंत ८० मिलिमीटर. नाव माशाचं, अंग तोफगोळ्याचं, आणि ते बरोबरच आहे. पण ८,००० मीटरच्या आसपास राहणारा स्नेलफिश नावाचा मासा बघितलास तर तो बोंबलासारखा लिबलिबीत. डबा नाही, पोटात हवेची पिशवी नाही, कवटीची हाडंही पूर्ण जुळलेली नाहीत. दाब आत-बाहेर सारखाच, मग चिरडणार काय? चिन्यांनी तेवढंच उचललं. सर्किट एका पाटीवर दाटीवाटीने न बसवता तुकडे केले, तुकड्यांत अंतर ठेवलं आणि सगळं सिलिकॉनमध्ये ओतलं. कारण दाबाखाली भाग तुटतात ते कडक भागाला कडक भाग खेटतो तिथे. इतकी वर्षं डबे गळताना बघितलेल्या माणसाला हे वाचून काय वाटलं ते तुला नाही कळायचं.

(अवांतर: 'मारियानात पोहला' असं सगळीकडे छापून आलं. त्या खोलीवर तो लँडरला (तळावर उतरवलेल्या यंत्राला) बांधलेला होता, जागच्या जागी पंख हलवत होता. मोकळा पोहला तो दक्षिण चीन समुद्रात, ३,२२४ मीटरवर. तेही कमी नाही, पण जे झालं ते सांगावं.)

सोफीचंही तसंच. फिजीत पोहवला, २०१८ मध्ये ते काम प्रसिद्ध झालं. शेपटी सिलिकॉनची, आत दोन पोकळ्या, पंप एकातून दुसरीत पाणी ढकलतो, शेपटी डावी-उजवी. पाणबुड्या हातात व्हिडिओ गेमचा कंट्रोलर धरून ध्वनीच्या संकेतांनी त्याला हाकतो. एका दमात ४० मिनिटं चालला, १५ मीटरच्या खाली गेला. आणि डोक्यात पाणी शिरू नये म्हणून त्यांनी काय भरलं, तर बेबी ऑइल! तेल दाबलं जात नाही, म्हणून कवचावर बाहेरचा दाब एकटा पडत नाही. आमच्या धंद्यातली ही जुनी युक्ती, फक्त आमच्याकडे त्याला बाळाचा वास नसायचा. पण वेग बघ: सेकंदाला वीसेक सेंटिमीटर. तुमच्या कर्ली नदीच्या मुखाशी उधाणाच्या ओहोटीला सोडलास तर थेट गोव्यात मला सापडेल. सोफीचं काम वेगाचं नव्हतंच. माशांना न बुजवता जवळ जायचं, एवढंच.

म्हणून तुझं काम काय ते बघ. खडकाशेजारी एका जागी थांबायचं, तळाचा गाळ उडवायचा नाही, जाळ्यांच्या आसपास फिरायचं. या कामाला मासा चुकीचा. माशाला थांबायचं जिवावर येतं. तू कासव कर.

एस्टोनियात टॅलिन तंत्रविद्यापीठात मार्या क्रूसमा यांच्या गटाने यू-कॅट नावाचं यंत्र केलंय, बुडालेल्या जहाजांच्या आत शिरायला. चार वल्ही, प्रत्येकाला स्वतंत्र मोटर. पुढे, मागे, वर, खाली, जागच्या जागी गिरकी, सगळं होतं. जहाजाच्या खोलीत शेकडो वर्षांचा गाळ बसलेला असतो, पंख्याचा झोत लागला की कॅमेऱ्यापुढे नुसता चहा. वल्हं हळू हलतं, गाळ कमी उठतो. आणि बाबांचा मुद्दा: वल्हं जाळ्यात अडकेल कदाचित, पण पंख्यासारखं दहा वेढे गुंडाळून घेणार नाही. उलट मारलं की बहुतेक वेळा सुटतं.

---

जलचरी

काकांच्या कासवाला माझं +१.

मी प्रवाळांवर काम करते, मालवणच्या खडकांवरही डाइव्ह केलेत. पाण्याखाली सगळ्यात जास्त गोंधळ कोण घालतं? आम्ही. चौकट टाकून मोजणीला बसावं, जरा वेळाने फुलपाखरू मासे जवळ यायला लागावेत, आणि आपण श्वास सोडला की बुडबुड्यांचा आवाज, सगळे फुर्र. माशांच्या अंगावर दोन्ही बाजूंना पार्श्वरेषा असते, पाण्याची बारीकशी ढकलसुद्धा त्यांना जाणवते. त्यामुळे हळू हलणारं यंत्र हवंच. पण देवबागकर, दिव्यांचं विसरू नकोस. यंत्र शांत ठेवायचं आणि वर भगभगीत पांढरा एलईडी मारायचा, याला अर्थ नाही. दुपारी, भांगाच्या दिवसांत (भरती-ओहोटीचा जोर कमी असतो तेव्हा), पाणी निवळ असताना जा आणि दिवे बंदच ठेवा.

प्राण्यांची नक्कल या विषयात मला सगळ्यात विचारात पाडलेलं काम म्हणजे निकोल शू आणि जॉन डाबिरी यांचं, २०२० मधलं. त्यांनी जेलीफिशचा रोबोट केलाच नाही. खऱ्या मून जेलीफिशवर छोटं यंत्र बसवलं, ते ठेका देतं आणि पोहायचं काम जेलीफिशच करते. ती जवळपास तिप्पट वेगाने पोहली आणि तिचा ऊर्जेचा खर्च साधारण दुपटीनेच वाढला. म्हणजे ती एरवी मुद्दामच सावकाश पोहते, तिला घाई कसली? यंत्राला वीज लागते नावापुरती. जेलीफिशला मेंदू नाही, यंत्र काढल्यावर ती पूर्ववत पोहते, हे सगळं त्यांनी तपासलंय. तरी मला ते पूर्ण पटत नाही आणि का पटत नाही हे मला नीट सांगताही येत नाही.

दोन कामाच्या गोष्टी. एक, मालवणचा तो भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. यंत्र पाण्यात टाकायच्या आधी वनखात्याची लेखी परवानगी घ्या, कॉलेजच्या लेटरहेडवर. दोन, जाळं दिसलं तर ते यंत्राने ओढायचा मोह टाळा. जुनं जाळं प्रवाळाभोवती वाढलेलं असतं, ओढलं की प्रवाळाची फांदीच येते. फोटो आणि जागा एवढं द्या, कापायचं काम माणसं कात्रीने करतात.

---

देवबागकर

काका, जलचरी ताई, खूप आभार. कासवावर चौघांचं एकमत झालं. सरांना सांगितलं, तेही खूश, कारण कासवसुद्धा बायोइन्स्पायर्डच.

आता शंका:
वल्ह्यांना सर्वो मोटर (सांगू तेवढ्याच कोनात फिरणारी छोटी मोटर) लावणार. 'वॉटरप्रूफ' लिहिलेल्या मिळतात, त्या चालतील का?
घराची विहीर आहे, चाचणी तिथे केली तर?
किनाऱ्यावरून वायफायने चालवता येईल का? हार्वर्डचे निळे मासे एकमेकांशी बिनतारी बोलतात ना?

---

तिरकस_बाण

कासव हळू चालतं पण शर्यत जिंकतं, हे परीक्षकांना सांगायला विसरू नका. मी गंमत करतोय, पण यू-कॅटचा व्हिडिओ बघितला आणि जरा विरघळलो.

---

ओरिंगकाका

बाण विरघळला! आता समुद्राची पातळी वाढणार.

वायफायपासून सुरू करतो. विसर. खाऱ्या पाण्यात ते तरंग काही सेंटिमीटरमध्ये मरतात, जीपीएसही चालत नाही. पाण्यात लांब जातो तो आवाज, सेकंदाला दीड किलोमीटर, पण ध्वनीचा मॉडेम तुझ्या बजेटच्या बाहेर. हार्वर्डचे मासे रेडिओवर बोलत नाहीतच, तीच तर त्यांची गंमत. राधिका नागपाल यांच्या गटाचं काम, २०२१ मधलं. प्रत्येक माशाला दोन डोळे, म्हणजे कॅमेरे, आणि तीन निळे दिवे. निळा का, तर पाण्यात निळा प्रकाश लांब जातो. शेजाऱ्याचे दिवे कुठे आणि किती अंतरावर दिसतात यावरून प्रत्येक जण आपलं आपण ठरवतो, जवळ जायचं की लांब. पुढारी कुणी नाही, वरून हुकूम नाही, तरी थवा गोल फिरतो. मराठी माणसांच्या समितीला हे जमलेलं मी बघितलेलं नाही.

तुला थवा करायचा नाही. वर एक तरंगता डबा ठेव, त्यात जीपीएस आणि वायफाय, आणि डब्यापासून यंत्रापर्यंत बारीक केबल. केबलवर भार येऊ नये म्हणून तिच्याबरोबर नायलॉनची दोरी बांध, दोरी केबलपेक्षा हातभर आखूड. जाळ्याची जागा हवी ना? डब्याची जागा नोंदव, तेवढं पुरे.

सर्वो. 'वॉटरप्रूफ' म्हणजे पावसात भिजला तरी चालेल, असा अर्थ घे. १० मीटरवर दाब दुप्पट होतो आणि पाणी शाफ्टच्या कडेने आत येतंच. बाबांना विचार, होडीच्या शाफ्टच्या ग्लँडमधून थेंब थेंब पाणी येतं की नाही. होडीत ते उपसता येतं, इथे नाही. म्हणून भोकच पाडू नको. सर्वो डब्याच्या आत ठेव, त्याच्या चकतीवर चुंबक बसव, डब्याची भिंत पातळ ॲक्रिलिकची, आणि बाहेर वल्ह्याच्या चकतीवर तसेच चुंबक समोरासमोर. आतली चकती फिरली की बाहेरची फिरते. हार्वर्डच्या माशांचे पर याच विचाराने चालतात, फक्त तिथे मोटरऐवजी तारेचं वेटोळं आणि त्यात चुंबक आहे. पण ते मासे बोटभर, तुझ्या कासवाला तेवढा जोर पुरणार नाही. चुंबकांच्या जोडीचा आणखी एक फायदा: वल्हं जाळ्यात अडकलं तर चुंबक घसरतो, सर्वोचे दात तुटत नाहीत. निओडिमियमचे चुंबक घेशील तर वरून आरल्डाइटचा जाड थर दे. त्यांच्यावरचा निकेलचा मुलामा खरचटला की खाऱ्या पाण्यात आतून गंजून भुगा होतो.

विहीर उत्तम. गळती तिथेच शोध. आधी रिकामा डबा, आत टिश्यू पेपर घालून, दोरीला दगड बांधून रात्रभर तळाशी सोड. सकाळी टिश्यू कुठे ओला आहे ते बघितलं की कुठली कडी नीट बसली नाही ते कळतं. पण वजन विहिरीत साधून थेट समुद्रात जाऊ नको. गोड्या पाण्याचा लिटर १ किलोचा, समुद्राचा साधारण १ किलो २५ ग्रॅमचा. ४ लिटर जागा व्यापणारं कासव विहिरीत अगदी अधांतरी राहिलं, तर समुद्रात ते सुमारे १०० ग्रॅमने हलकं पडेल आणि बुचासारखं वर येऊन बसेल. पोरं मग सॉफ्टवेअरमध्ये चूक शोधत बसतात. जाळ्याच्या शिशाच्या गोळ्या खिशात ठेव, घरी काय कमी असणार? आणि कर्लीच्या मुखाशी गोडं-खारं पाणी मिसळलेलं असतं, तिथे परत वेगळा हिशेब. वजन नेहमी थोडं कमीच ठेव, म्हणजे बॅटरी संपली तर कासव वर येईल, तळाला बसणार नाही.

वल्ही कडक प्लास्टिकची करू नको. मधे पातळ पट्टी, वरून सिलिकॉन, टोकाकडे निमुळतं. मागे लवलं पाहिजे.

---

देवबागकर

काका, सिलिकॉनचा एक प्रयोग वर्कशॉपमध्ये केला. साचा शाडूऐवजी शाळेत मिळते त्या मॉडेलिंग क्लेचा केला होता. वरचा भाग मस्त बसला, पण साच्याला लागलेली बाजू दोन दिवस झाले तरी चिकट. दोन भागांचं प्रमाण बरोबर होतं, काट्यावर मोजलं. हीटरखाली पण ठेवून बघितलं. माल खराब आहे का?

---

ओरिंगकाका

माल ठीक आहे, क्ले बाद. तू आणलंयस ते प्लॅटिनमवालं (प्लॅटिनमच्या उत्प्रेरकाने घट्ट होणारं) सिलिकॉन दिसतंय. त्याला गंधकाचं वावडं असतं आणि अशा बऱ्याच क्लेमध्ये गंधक असतं. लागलं तिथे ते बसतच नाही, कितीही तापव. आहे ते पूर्ण खरवडून काढ, त्याच्यावर नवीन ओतू नको. साचा थ्रीडी प्रिंटचा किंवा ॲक्रिलिकचा कर. प्रिंटचा साचा फिलामेंटचा असला तर चालेल, रेझिनचा असला तर पुन्हा हीच कटकट. आणि हातमोजे निळे नायट्राइलचे घाला. पांढरे लॅटेक्सचे घालून ढवळाल तर त्यातलंही गंधक लागतं.

आधी चमचाभर ओतून बघ, बसलं तर चारही वल्ही एकाच मिश्रणातून ओत.